भुकेपोटी परतलेला मुलगा
(कामोठे येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींना इथले बरेच जण ओळखत होते. रविवारची उपासना आटोपली की ते इथल्या एमजीएम रुग्णालयात जायचे. रविवारी ओपीडी बंद असते, पण वॉर्ड भरलेले असतात. खालापूर, कर्जतच्या वाड्यांवरून आलेल्या बाईला हातात चिठ्ठी मिळते, आणि ती घेऊन कुठं जायचं ते तिला कळत नाही. रक्तपेढी कुठल्या मजल्यावर, बाहेरचं औषध कुठल्या दुकानात, सही कोणाची लागते? गुरुजी तिच्याबरोबर जायचे. घरी एवढंच ठाऊक होतं की रविवारी ते जेवायला उशिरा येतात. मंडळीतल्याच एका परिचारिकेनं त्यांना तिथं पाहिलं होतं. ‘कुठं बोलू नकोस’ असं त्यांनी सांगितलं आणि त्यांच्या हयातीत ती बोलली नाही. आज तिनं परवानगी दिली म्हणून मी बोलतो आहे.

आजचा विषय आहे ख्रिस्ती माणसाचं आज्ञापालन आणि त्यामागचा हेतू. डोंगरावरील प्रवचनात प्रभू दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तीन गोष्टींबद्दल बोलतो. त्या करता की नाही, हा त्याचा प्रश्नच नाही. तुम्ही करताच, असं धरून तो चालतो. कोणाच्या नजरेसाठी करता, एवढंच त्याला विचारायचं आहे. लोकांनी पाहावं म्हणून केलं असेल तर लोकांनी पाहिलं, हिशेब तिथंच चुकता झाला.

मराठी ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न शब्बाथ शाळेत पहिल्यांदा भेटत नाही. तो त्याला गावाच्या वेशीवर, शाळेच्या पटावर, नोकरीच्या ठिकाणी भेटतो. ‘तुमचे लोक कशासाठी ख्रिस्ती झाले?’ विचारणाऱ्यानं उत्तर आधीच ठरवलेलं असतं: भाकरीसाठी. अमेरिकन मराठी मिशननं 1831 मध्ये अहमदनगरला काम सुरू केलं. तेव्हापासून आजतागायत हा आरोप आमच्या पाठीशी आहे. ‘बाटगा’ हा शब्द ज्यांनी ऐकला आहे त्यांना तो समजावून सांगायला नको.

माझं मूळ घराणं नगर जिल्ह्यातलं. आमच्या घरात बाप्तिस्मा आला तो 1876 ते 78 च्या दुष्काळानंतर. लहानपणी मी पाहिलं आहे, आमच्यातली शिकलेली मंडळी हे सांगताना दुष्काळ गाळायची. आजोबांनी शुभवर्तमान वाचलं, त्यांना पटलं, त्यांनी बाप्तिस्मा घेतला, अशी गोष्ट असायची. वाचायला त्यांना कोणी शिकवलं होतं का, हे कोणी विचारत नसे. भूक लपवली की श्रद्धा शुद्ध दिसते, असा काहीसा समज होता. हा समज मला मान्य नाही. आज मुख्यतः त्याविरुद्धच बोलायचं आहे, आणि त्यासाठी आपल्या सगळ्यांना तोंडपाठ असलेल्या एका दाखल्याकडे परत जायचं आहे.

उधळ्या पुत्राचा दाखला. धाकटा मुलगा डुकरं राखतो आहे. डुकरांच्या शेंगा मिळाल्या तरी खाव्यात, अशी त्याची दशा आहे. तो शुद्धीवर येतो तेव्हा त्याला पहिल्यांदा काय आठवतं? बापाचा चेहरा नव्हे. बापाच्या घरच्या चाकरांना पोटभर भाकरी मिळते आणि आपण इथं उपाशी मरतो, हे आठवतं. पापाची कबुली तो नंतर तयार करतो, आणि तिच्या शेवटी चाकरीची मागणी जोडतो. त्याचा परतण्याचा हेतू असा सरळ सरळ पोटाचा आहे. प्रभूनं तो झाकला नाही, दाखल्याच्या मधोमध ठेवला. आणि बाप काय करतो? धावत जातो. मुलाचं पाठ केलेलं वाक्य तो पुरतं बोलूही देत नाही.

आता थोरल्याकडे पाहा. तो शेतातून येतो. इतकी वर्षं राबलो, एकही आज्ञा मोडली नाही, आणि मित्रांबरोबर मजा करायला साधं करडू मिळालं नाही, ही त्याची तक्रार. त्याचं आज्ञापालन निर्दोष आहे, बापही ते नाकारत नाही. पण इतक्या वर्षांत त्यानं मनात एक खातं मांडून ठेवलं होतं, हे त्या दिवशी उघड झालं. भुकेपोटी आलेला आत बसला आहे आणि आज्ञा न मोडणारा अंगणात रुसून उभा आहे.

म्हणजे ‘भाकरीसाठी आले’ या आरोपाला उत्तर आपल्याच शुभवर्तमानात लूकच्या पंधराव्या अध्यायात आहे. हो, भुकेनं आले. पुढं?

देणाऱ्याची बाजू मात्र वेगळी असते, हेही सांगितलं पाहिजे. 1876 ते 78 च्या त्याच दुष्काळात आजच्या आंध्र प्रदेशातल्या ओंगोल इथं जॉन क्लो नावाचे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी होते. त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या एका टप्प्याचं काम घेतलं आणि हजारो उपाशी लोकांना मजुरी मिळवून दिली. बाप्तिस्मा मागणारे रोज येत होते. क्लोंनी मदतीचं काम चालू असेपर्यंत कोणालाही बाप्तिस्मा दिला नाही. धान्यासाठी कोणी नाव लावू नये, हा त्यांचा विचार. काम संपलं, मदत थांबली, तरी लोक येतच राहिले. मग 3 जुलै 1878 या एका दिवशी 2,222 लोकांचा बाप्तिस्मा झाला.

क्लोंनी केलं ते योग्यच केलं. ज्याच्या हातात धान्याचं पोतं आहे त्यानं दुसऱ्या हातात बाप्तिस्म्याचं पाणी धरू नये. पण ही शिस्त देणाऱ्यानं स्वतःला लावून घ्यायची असते. उपाशी माणसाला ‘आधी तुझा हेतू शुद्ध कर’ असं म्हणायचा अधिकार पोट भरलेल्याला नाही. शिवाय आमच्या महार-मांग पूर्वजांची भूक नुसत्या भाकरीची होती का? ज्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, ज्या शाळेत ओसरीवरसुद्धा बसू देत नव्हते, ज्या देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्या गावात कोणीतरी मुलाला पाटी दिली आणि नावानं हाक मारली. त्यासाठी माणूस गेला असेल तर त्याचा हेतू हलका होता, असं मी म्हणणार नाही. मान हवा असणं हे देव हवा असण्याच्या फार जवळचं आहे.

मग हेतूला काहीच किंमत नाही का? आहे, आणि मोठी आहे. पण ती आत येतानाची नव्हे, आत राहतानाची आहे. हे समजायला मला सर्वांत जास्त मदत पंडिता रमाबाईंची झाली.

1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. प्रवासाचा खर्च बराचसा ‘स्त्रीधर्मनीती’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला. वाँटेज इथल्या सेंट मेरी भगिनीमंडळात त्या राहिल्या, तेव्हा भारतात येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवून त्यांनी आपला भार हलका केला. हे बारकावे महत्त्वाचे आहेत. आपल्याला कोणी विकत घेतलं असं उद्या कोणाला म्हणता येऊ नये, ही दक्षता त्यात दिसते. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुढची दोन-तीन वर्षं त्यांच्या आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्या पत्रांत उतरली आहेत. जेराल्डीन रमाबाईंच्या आध्यात्मिक आईच्या जागी. त्यांचं प्रेम खरं होतं, आणि रमाबाई आज्ञाधारक नाहीत हे त्यांचं दुःखही खरं होतं. अंडं घातलेलं पुडिंग रमाबाई खात नाहीत, हा जातीचा अभिमान नव्हे काय? क्रुसावर लॅटिन अक्षरं का नकोत, संस्कृत कशासाठी? त्रैक्याच्या सिद्धान्तावर इतके प्रश्न का? चेल्टनहॅममध्ये पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची संधी आली, तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाई संतापल्या. मोठ्या कष्टानं एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवली, ती तशाच दुसऱ्या जोखडात घालणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी जेराल्डीनना 1885 मध्ये स्पष्ट लिहिलं. धर्मगुरूंकडून आलेली प्रत्येक गोष्ट परमेश्वराची आज्ञा म्हणून आपण घेणार नाही, असंही.

वाँटेजच्या दृष्टीनं हा गर्व होता. मला हे आज्ञापालनच वाटतं. जिला सगळ्यांचं ऐकून सगळ्यांना खूश ठेवायचं होतं, तिला यातलं काहीही करायची गरज नव्हती. परक्या देशात, लहान मुलगी पदरात, आधार याच लोकांचा, अशा वेळी पुडिंग खाणं सोपं होतं. देवाचं ऐकायचं म्हणून माणसाला ‘नाही’ म्हणावं लागतं, तेव्हा त्या ‘नाही’ची किंमत कोण देतो ते पाहावं. इथं ती रमाबाईंनीच दिली.

यापेक्षाही मला थक्क करते ती 1891 च्या सुमाराची गोष्ट. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढून ते पुण्याला आणलं होतं, जग त्यांना ख्रिस्ती समाजसेविका म्हणून ओळखत होतं. आणि त्याच वेळी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, खुद्द ख्रिस्त सापडलेला नाही. हे त्यांनी स्वतः 1907 मध्ये आपल्या साक्षीत जाहीरपणे लिहिलं. विरोधकांच्या हातात याहून चांगलं हत्यार कोणतं असतं? पण मनातलं खातं त्यांनी उघडून दाखवलं, जे दाखल्यातल्या थोरल्या मुलाला कधी जमलं नाही. आणि या आठ वर्षांतलं काम त्यांनी खोटं ठरवून सोडून दिलं नाही, हेही लक्षात घ्या. विधवा मुली शिकत होत्या, त्या शिकत राहिल्या.

पुण्यातलं वादळ याच्यापाठोपाठ आलं. सदनात धर्मशिक्षण नाही, असं वचन होतं. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली येऊन बसायच्या. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार समितीतून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घ्या, एवढीच मागणी होती. रमाबाईंनी दार लावलं नाही.

इथं एक अडचण आहे आणि ती मी टाळणार नाही. प्रार्थना करताना खोलीत जा आणि दार लावून घे, असं प्रभूनं सांगितलं आहे. रमाबाईंनी नेमकं उलट केलं. पण दार लावायला प्रभूनं सांगितलं ते लोकांनी आपल्याला धार्मिक म्हणू नये म्हणून. पुण्यात 1893 साली दार उघडं ठेवल्यानं रमाबाईंना कोण धार्मिक म्हणत होतं? दार लावलं असतं तर शाबासकी मिळाली असती. रानड्यांसारख्या माणसांना वचन मोडल्यासारखं वाटलं, त्यांच्या मनात खोट होती असं मी समजत नाही. माझं म्हणणं एवढंच, की उघड्या दारावरून किंवा बंद दारावरून हेतू ठरत नाही.

रमाबाईंकडून लक्ष्मीबाई टिळकांकडे येताना सूर बदलतो, प्रश्न तोच राहतो. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा दूर होत्या, पदरात लहानगा दत्तू. त्या काळच्या बायकोपुढं एक राजमार्ग होता: नवरा गेला, आपण पाठोपाठ जावं, पतिव्रतेचा धर्म म्हणून जगानंही समजून घेतलं असतं. दुसरा मार्ग कायमचं माहेरच्यांकडे राहण्याचा. लक्ष्मीबाईंनी दोन्ही धरले नाहीत. विरहाची वर्षं काढली, मग नवऱ्याजवळ राहायला आल्या, पण आपला स्वयंपाक आणि आपलं पाणी वेगळं ठेवून. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. हा त्यांचाही मोठेपणा.

लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना राहुरीचा प्रसंग आठवेल. जाती देवानं केल्या की माणसानं, हा विचार त्या करू लागल्या. कोणी प्रवचन दिलं नव्हतं, टिळकांनी विषय काढला नव्हता. विचार करता करता उत्तर आलं: माणसानं. आणि उत्तर आल्यावर त्या तिथंच थांबल्या नाहीत, यापुढं कोणाच्याही हातचं खाईन, असं ठरवून मोकळ्या झाल्या. 1900 साली बाप्तिस्मा झाला. बापानं मळ्यात जायला सांगितलं तेव्हा ‘नाही जात’ म्हणणारा आणि मागाहून जाणारा एक मुलगा मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. ‘जातो’ म्हणून न जाणारा त्याचा भाऊही आहे. लक्ष्मीबाई पहिल्याच्या जातकुळीतल्या. पाच वर्षं ‘नाही’ म्हणाल्या म्हणून त्यांच्या ‘हो’वर विश्वास बसतो.

टिळकांबद्दल थोडक्यात सांगतो. 1917 मध्ये त्यांनी मिशनच्या पगारी सेवेचा राजीनामा दिला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात जागा होती. पगार घेऊन केलेली सेवा खोटी असते, असं यातून कोणी समजू नये. इथं बसलेल्या पाळकांचे पगार किती आहेत ते आपल्याला ठाऊक आहे, आणि ते वेळेवर देणं हेही आपल्यावरचं आज्ञापालन आहे. पण ‘साहेबाच्या पैशावर बोलतो’ हे वाक्य बावीस वर्षं ऐकलेल्या माणसाला शेवटी ते वाक्य आपल्या आणि आपल्या लोकांच्या मधून काढून टाकावंसं वाटलं. दोनच वर्षांनी, 9 मे 1919 रोजी, ते गेले.

भीतीनं पाळलेल्या आज्ञेबद्दल बोललो नाही तर विषय अपुरा राहील. गोव्यात 1560 ला इन्क्विझिशन आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत राहिलं. 1736 च्या फर्मानात ख्रिस्ती लोकांना मनाई केलेल्या गोष्टींची यादी आहे. त्यात मीठ न घालता भात शिजवण्याचीही मनाई आहे, कारण तशी हिंदूंची रीत होती. धर्माची सत्ता माणसाच्या मनापर्यंत पोचू शकत नाही म्हणून ती त्याच्या भाताच्या भांड्यापर्यंत पोचली. एखाद्या बाईनं त्या दिवसापासून भातात मीठ घातलं असेल. तिनं ख्रिस्ताची कोणती आज्ञा पाळली? हा आपल्या चर्चचा इतिहास आहे, आणि तो मान खाली घालूनच सांगायला हवा.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या रायगड जिल्ह्यातलंच आहे. इथून जवळ, पनवेलला बेने इस्राएली लोकांचं बेथ एल हे 1849 चं सभास्थान आहे. या समाजाला कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा, आणि शनिवारी तो बंद. पिढ्यान् पिढ्या त्यांच्याजवळ सभास्थान नव्हतं, रब्बी नव्हता, जगातल्या इतर यहुद्यांशी संबंध नव्हता. घाणा चालवला असता तर जाब विचारणारं कोणी नव्हतं. तरी शनिवार पाळला गेला. याला कोणी नुसती सवय म्हणेल. सवयीला मी कमी लेखत नाही. कारण आठवेनासं झालं तरी आज्ञा हातात धरून ठेवणारी माणसं होती, म्हणून कधीतरी कोणी येऊन कारण सांगितल्यावर ते ओळखणारं कोणी उरलं.

आता कामोठ्याकडे येतो. खेड्यात ख्रिस्ती वस्ती असते, रविवारी घंटा होते, कोण आलं नाही ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. सिडकोच्या या नगरात आपण सातारा, नगर, सोलापूर, जालना इथून येऊन सेक्टरांत विखुरलो. रविवारी उपासनेला गेलो नाही तर समोरच्या फ्लॅटला पत्ता नसतो. पाटलाची नजर गेली, पाळकाची नजर गेली, सासूची गावाकडे राहिली. या मोकळिकीचं मला भय वाटत नाही. गावच्या धाकानं पाळलेलं आणि मनानं पाळलेलं यांतला फरक पहिल्यांदाच दिसावा, अशी ही जागा आहे.

पण गावच्या नजरेऐवजी खिशात दुसरी नजर आली. उपवासाचा तिसरा दिवस स्टेटसवर लागतो. वृद्धाश्रमात फळं वाटताना एका केळ्याला चार हात लागलेले असतात आणि सगळ्यांचे चेहरे कॅमेऱ्याकडे. घेणाऱ्या आजीचाही चेहरा तिकडे वळवला जातो. मला ते छायाचित्र पाहवत नाही. ती आजी आपल्या दानाची साक्षीदार म्हणून उभी केलेली असते.

आणि दुसरं, जास्त गंभीर. ‘दशांश द्या, दसपट मिळेल.’ काही सभांमधून हे उघड शिकवलं जातं. घराचं कर्ज, मुलाची ॲडमिशन, कंत्राटी नोकरी, या चिंतांनी पोखरलेला माणूस ते ऐकतो आणि पाकिटात पैसे घालतो. त्या माणसाला मी दोष देणार नाही. तो धाकट्या मुलासारखा भुकेला आहे, आणि देव त्याच्याकडे धावतच येईल. दोष शिकवणाऱ्याचा आहे. भुकेनं आलेल्याला तो मुलगा होऊ देत नाही, खातं मांडायला शिकवतो, आणि दसपट मिळालं नाही की तोच माणूस अंगणात उभा राहून करडाचा हिशेब मागू लागतो. क्लोंनी पोतं आणि पाणी वेगळं ठेवलं होतं, इथं दोन्ही एकाच हातात आहेत. पाळकांनी व्यासपीठावरून याविरुद्ध नाव न घेता का होईना, पण बोललं पाहिजे.

शेवटी तरुणांचा एक प्रश्न. मंडळीतली कॉलेजची मुलं मला विचारतात: मनापासून वाटत नसेल तर उपासनेला का यायचं, ते ढोंग नाही का? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला रागावून उत्तर देऊ नये. ढोंगी तो, जो नसलेलं दाखवतो. ज्याला वाटत नाही आणि जो तसं सांगतो, तो ढोंगी नाही. रमाबाईंनी आठ वर्षांनी सांगितलं, तुम्ही विसाव्या वर्षी सांगता. या. मागच्या बाकावर बसा, विश्वासांगीकार म्हणवत नसेल तर त्या वेळी गप्प उभे राहा. आणि मोठ्यांना माझी विनंती आहे की त्या गप्प उभ्या राहिलेल्या मुलाकडे वळून पाहू नका, त्याच्या आईला फोन करू नका. दुपारी त्याला जेवायला बोलवा.